जुन्या मोटारीचा सायलेन्सर टांगताना: मॅनिफोल्डपासून शेपटापर्यंत

आमच्या फोर्ड मॉडेल टीचा दुसरा मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणारा बिडाचा भाग) तडकला, तेव्हा कुठे मला माझी चूक कळली. पहिला गेला तेव्हा मी बिडाला दोष दिला होता. एवढं जुनं काम, कधीतरी जाणारच, असं वाटलं. दुसरा महिनाभरात गेला आणि भेगही त्याच जागी, मागच्या तोंडापाशी, केसासारखी बारीक. तिच्या दोन्ही बाजूंना काजळीचा फराटा होता. गाडीखाली शिरून सायलेन्सर हाताने हलवून पाहिला, तर तो तसूभरही हलेना. एका फॅब्रिकेटरने जाड अँगल लावून तो पुढून-मागून चासीला जखडून टाकला होता. काम दिसायला देखणं होतं. मीच त्याला शाबासकी दिली होती.

पाइप तापला की लांबतो. चासी खड्ड्यात पिळवटते. या दोन्ही हालचालींना जागा ठेवली नाही, तर सगळा ताण साखळीतल्या सर्वांत ठिसूळ भागावर, म्हणजे बिडाच्या मॅनिफोल्डवर जातो. जुन्या गाड्यांचे मॅनिफोल्ड मिळता मिळत नाहीत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे. साधारण १९१० ते १९३५ या काळातली, शिडीसारख्या चासीची मोटार तुमच्याकडे असेल आणि मूळ सायलेन्सर गायब असेल, तर या क्रमाने जा.

आधी जमवायचं सामान

- पुठ्ठा, खडू, सुतळी, मीटर टेप, व्हर्नियर
- ६ किंवा ८ मिमी जाडीची, हाताने वाकणारी सळई, साधारण ३ मीटर
- एमएस म्हणजे साध्या पोलादाचा पाइप, १६ गेज (१.६ मिमी जाडीचा)
- २५ × ५ मिमी पट्टी, यू-क्लॅम्प, रुंद पट्टीचे क्लॅम्प
- कापडाचे थर असलेल्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा
- मॅनिफोल्डसाठी तांब्याच्या रिंगा किंवा गॅस्केट आणि पितळी नट
- गाडीच्या आट्यांचे बोल्ट. ब्रिटिश गाडीला व्हिटवर्थ किंवा बीएसएफ, अमेरिकन गाडीला एसएई, या सगळ्या इंची आट्यांच्या पद्धती. मेट्रिक बोल्ट दोन आटे जातो म्हणून पान्याने रेटू नका
- गाडी उचलून ठेवायला चार भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका

१. जुनं काढण्याआधी फोटो, आणि ॲस्बेस्टॉसची काळजी

जे काही उरलं असेल त्याचे फोटो काढा, गंजलेला क्लॅम्पसुद्धा सोडू नका. चासीवर टेप धरून फोटो घेतला की पुढे माप शोधत बसावं लागत नाही.

पाइपावर किंवा सायलेन्सरवर पांढरट-करडी दोरी, पट्टी किंवा लिंपण दिसलं, तर ते ॲस्बेस्टॉस समजूनच चाला. त्या काळी सर्रास तेच वापरत. त्याला ग्राइंडर लावू नका, कोरडं खरवडू नका, हवेने फुंकू नका. पाणी मारून चिंब भिजवा, योग्य मास्क घाला, शक्य तितकं अख्खं उतरवा, जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत सीलबंद करा आणि घातक कचरा म्हणून द्या. थर मोठा असेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. गॅरेजमध्ये तेव्हा पोरंटोरं नकोत.

२. इंजिन चासीवर कसं बसलंय ते पाहा

पुढची सगळी आखणी यावर ठरते, तरी बहुतेक जण ही पायरी गाळतात.

सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींत इंजिन चासीला थेट बोल्ट केलेलं असे, मध्ये रबर नाही. मॉडेल टीचं इंजिन तीन ठिकाणी टेकतं: पुढे मधोमध एक आणि मागे दोन बाजूंना दोन बाहू. चासी पिळवटली तरी इंजिनाचा खोका पिळला जाऊ नये, ही त्यामागची योजना. अशा गाडीत इंजिन आणि चासी जवळपास एकत्रच हलतात, म्हणून एग्झॉस्टला पुढच्या बाजूला फार लवचीकपणा लागत नाही.

१९३१ मध्ये प्लिमथने ‘फ्लोटिंग पॉवर’ नावाने रबरावर झुलणारं इंजिन आणलं आणि पुढच्याच वर्षी सित्रोएनने ती पद्धत घेतली. तिथून चित्र पालटलं. रबरावरचं इंजिन रेस केली की एका बाजूला कलतं, आणि त्याच्याबरोबर मॅनिफोल्डही कलतो. अशा गाडीला मॉडेल टीसारखी मांडणी केली तर पाइप जोडातून उखडतो.

तपासायची रीत सोपी आहे. बॉनेट उघडून एकाला इंजिन सुरू करून जरा रेस करायला सांगा. तुम्ही बाजूला उभं राहून इंजिनाचा माथा आणि चासी यांच्यातली हालचाल पाहा. हालचाल दिसली तर इंजिन झुलतं आहे, आणि पाइपाचा पहिला आधार चासीवरून न घेता इंजिन-गिअरबॉक्सवरूनच घ्यायचा. दिसली नाही तर चासीवरून घेतला तरी चालेल.

३. मूळ ब्रॅकेटच्या खुणा शोधा

चासीची बाजू घासून, रॉकेलने पुसून नीट पाहा. रिकामी भोकं, रिव्हेटच्या जागा, रंगाखाली उमटलेली ब्रॅकेटची सावली, सगळं खडूने गोल करा. कारखान्याने जिथे भोक पाडलं तिथे विचार करूनच पाडलेलं असतं.

सगळीच भोकं मात्र मूळची नसतात. या गाड्यांनी तीन-चार मालक आणि दहा मिस्त्री पाहिलेले असतात. मूळचं भोक साफ गोल आणि बहुधा इंची मापाचं असतं. नंतर पाडलेल्याची कड ओबडधोबड असते, नाहीतर ते गॅसने जाळलेलं असतं. आपल्याकडे तर गाड्या खूप बदलत गेल्या. बऱ्याच फोर्ड कॅनडातल्या कंपनीमार्फत उजव्या स्टिअरिंगच्या आल्या, आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला शेव्हरोलेची जुळणी सुरू केली. म्हणून अमेरिकन पुस्तकातलं चित्र डोळे मिटून उतरवू नका. मॉडेल टीचा मॅनिफोल्ड इंजिनाच्या उजव्या अंगाला असतो, आणि उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत चालकाचे पायही त्याच बाजूला येतात. पेडल आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्यापासून अंतर स्वतः मोजा.

४. सळईचा साचा करून मार्ग ठरवा

पाइप वाकवणाऱ्याकडे गाडी न्यायची नसते, साचा न्यायचा असतो. सळई मॅनिफोल्डच्या तोंडापासून मागपर्यंत हाताने वाकवत न्या, सुतळीने जागोजाग बांधा. ही सळई म्हणजे पाइपाची मधली रेघ, हे लक्षात ठेवा. पाइपाच्या बाहेरच्या मापाच्या पुठ्ठ्याच्या चकत्या कापून सळईत ओवल्या, की पाइप कुठे घासणार ते लगेच दिसतं.

मार्ग ठरवताना हे बघा:

- पेट्रोलची नळी आणि टाकी. मोटार वाहन नियमांत पेट्रोलच्या नळीपासून किमान ३५ मिमी अंतर सांगितलेलं आहे. जुन्या गाडीत जोड झिरपतात, म्हणून मी ७५ मिमीच्या आत येऊ देत नाही. मॉडेल टीच्या बऱ्याच बॉडींमध्ये टाकी पुढच्या सीटखालीच असते, तिथे मध्ये पत्र्याची आडही घालतो.
- लाकडी फळ्या आणि बॉडीचा सांगाडा. वर्षानुवर्षं तापून कोरडं झालेलं लाकूड कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं. ५० मिमी मोकळी जागा ठेवा आणि मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, तोही लाकडापासून वॉशर घालून उचललेला.
- ब्रेकच्या सळया आणि केबल. ब्रेक मारल्यावर त्या कुठे जातात ते पाहा, सोडलेल्या अवस्थेत नुसतं माप घेऊन भागत नाही.
- मागचा धुरा. गाडीत चार मोठी माणसं बसवा, किंवा तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवा, आणि मग पाइपाखालचं-वरचं अंतर मोजा. रिकाम्या गाडीत हे कळत नाही. माझा पाइप पहिल्यांदा टॉर्क ट्यूबला (मागच्या धुऱ्याकडे जाणाऱ्या दांड्याभोवतीच्या नळीला) लागला तो घरची मंडळी बसल्यावरच.
- सर्वांत खालचा भाग चासीच्या आडव्या पट्टीपेक्षा खाली नको. आपले गतिरोधक मनात ठेवा.

पाइपाला मागे किंचित उतार द्या, मीटरला एक सेंटीमीटर पुरे. गार इंजिन सुरू केल्यावर पाणी जमतं ते बाहेर पडायला हवं. सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी ३ मिमीचं भोकही पाडा. पावसाळ्यात दोन-दोन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचा सायलेन्सर आतूनच कुजतो.

५. पाइप आणि सायलेन्सरचं माप

पाइप मॅनिफोल्डच्या तोंडापेक्षा बारीक नको. बराच मोठा केल्याने फायदाही काही नाही, वजन मात्र वाढतं. सायलेन्सरचं पोट इंजिनाच्या क्षमतेच्या तीन-चार पट ठेवायचं, हा माझा ठोकताळा. मॉडेल टीचं इंजिन २.९ लिटरचं. १५० मिमी व्यास आणि ६०० मिमी लांबीच्या नळकांड्यात साडेदहा लिटर मावतात. आत भोकं पाडलेली सरळ नळी आणि दोन आडपडदे, एवढंच. आवाज खोल, मऊ येतो आणि इंजिन गुदमरत नाही.

६. एक जागा पक्की, बाकी झुलती

आता मूळ मुद्दा. लोखंडी पाइप दर मीटरमागे, दर अंशाला सुमारे ०.०१२ मिमी लांबतो. मॅनिफोल्डपासून सायलेन्सर टांगणाऱ्या मागच्या हँगरपर्यंत २ मीटर धरा आणि सरासरी तापमान २५० अंशांनी चढलं असं माना. गुणाकार केला की ६ मिमी येतात. स्टेनलेस ३०४ वापरलं तर ०.०१७ धरायचं, म्हणजे साडेआठ मिमी. ‘स्टेनलेस टाका, आयुष्यभराची काळजी मिटली’ असं सांगणारे हा वाढीव अडीच मिलिमीटर सांगत नाहीत. स्टेनलेस घ्या जरूर, पण झुलण्याची जागा तितकी वाढवा.

मला हे आकडे आधी पुस्तकीच वाटले. मग एक दिवस पाइपावर आणि शेजारच्या चासीवर खडूने एका रेषेत खूण केली आणि वीस मिनिटं गाडी फिरवून आणली. परत येऊन खाली वाकून पाहिलं तर पाइपावरची रेघ चासीवरच्या रेघेच्या बोटाच्या निम्म्या रुंदीइतकी मागे सरकलेली. तासाभराने गार झाल्यावर दोन्ही रेघा पुन्हा एकमेकींसमोर. तो प्रयोग तुम्हीही करा, मग कुठलाही फॅब्रिकेटर तुम्हाला ‘पक्कं करून देतो’ म्हणाला तरी तुम्ही भुलणार नाही.

चासीला थेट बोल्ट केलेल्या इंजिनाच्या गाडीत पक्की जागा म्हणजे मॅनिफोल्डचं तोंड. तिथून मागे सगळं सरकू द्यायचं. पण पाइपाचं वजन तोंडावर लोंबकळत ठेवायचं नाही. १६ गेजच्या ३८ मिमी पाइपाचं वजन मीटरला जवळपास दीड किलो भरतं आणि वर सांगितलेला सायलेन्सर सुमारे ५ किलोचा. म्हणून तोंडापासून ३००–४०० मिमीवर पहिला आधार द्या. हा आधार वजन खालून उचलेल, पण पाइपाला मागे-पुढे सरकू देईल, असा हवा. पट्टीची अर्धगोल झोळी आणि वरून सैल पट्टा, मध्ये एक मिलिमीटर फट, एवढं पुरतं.

मॉडेल टीवाल्यांसाठी एक जादा सूचना. या गाडीचा मॅनिफोल्ड वर्षानुवर्षांच्या उष्णतेने मागच्या टोकाला खाली झुकतो. मग पाइपाचं पसरट तोंड त्यात सरळ बसत नाही आणि लोक ते तोंड धरून ठेवणारा मोठा पितळी पॅक नट जीव खाऊन आवळतात. आटे जातात, नाहीतर भेग पडते. आधी मॅनिफोल्डवर सरळ पट्टी धरून पाहा. झुकलेला असेल तर तो खराद्याकडून सपाट करून घ्या किंवा बदला. नट आवळून वाकडेपण सरळ होत नाही.

७. ब्रॅकेट आणि हँगर

सायलेन्सरला दोन हँगर पुरतात, एक पुढे, एक मागे. दोन्ही झुलते ठेवा.

हँगरसाठी कन्व्हेअर बेल्टची पट्टी मला सर्वांत विश्वासाची वाटते. आत कापडाचे थर असल्याने ती ताणून लांबत नाही, पण सगळीकडे डुलते. शिवाय १९३०च्या दशकातल्या कितीतरी गाड्यांना कापड-रबराच्या अशाच पट्ट्या असत, त्यामुळे गाडीखाली ती उपरी दिसत नाही. बोल्टच्या दोन्ही अंगांना रुंद वॉशर घाला, नाहीतर भोक फाटतं. साधं रबर सत्तर-ऐंशी अंशांपुढे कडक होऊन तडकू लागतं, म्हणून पाइपाच्या क्लॅम्पवरून पट्टीची एक भुजा वर काढा आणि रबर पाइपापासून किमान १०० मिमी लांब ठेवा.

गार असताना हँगर सरळ खाली लोंबतो असा बसवू नका. मागच्या टोकाला ६ मिमी सरक येणार असेल तर गार असताना तो ३ मिमी पुढे झुकलेला ठेवा. गरम झाला की ३ मिमी मागे झुकेल, आणि रबराला दोन्हीकडे सारखाच ताण बसेल.

सांध्यात पुढचा पाइप मागच्याच्या आत जाऊ द्या, उलट नको. धूर मागे वाहतो, त्यामुळे फट धुराच्या तोंडासमोर येत नाही. ४०–५० मिमी एकमेकांत घाला, बाहेरच्या पाइपाला दोन चिरा द्या आणि रुंद पट्टीचा क्लॅम्प लावा. यू-क्लॅम्प पाइपाला चेपतो आणि पुढच्या वेळी सांधा सुटत नाही, म्हणून मी तो फक्त आधारासाठी वापरतो.

कधी कधी सगळं नीट करूनही एका ठरावीक वेगाला ब्रॅकेट गुणगुणू लागतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ३३ ठोके देतं, आणि ब्रॅकेटची स्वतःची कंपनसंख्या तिथेच जुळली की ते थरथरतं. ते जाड करत बसण्याआधी भुजा दोन-तीन सेंटीमीटर आखूड करून पाहा. बहुधा तेवढ्याने जातं.

८. चासीला हात लावताना

चासीला वेल्डिंग करू नका. दाबून घडवलेल्या जुन्या पोलादाला वेल्डच्या कडेने भेग जाते, आणि ती वर्षभराने दिसते. आधी मूळ भोकं वापरा. नवं भोक पाडणं भागच असेल तर चासीच्या उभ्या बाजूच्या मधोमध पाडा, वरच्या-खालच्या आडव्या पट्टीत कधीच नको, कारण सगळा ताण त्या कडांवर असतो. सर्वांत बरं म्हणजे चासीला मिठी मारणारा दोन तुकड्यांचा क्लॅम्प. उद्या मूळ भाग मिळाला तर तो काढून टाकता येतो.

९. जोडणीचा क्रम

मॅनिफोल्डच्या स्टडना पितळी नट लावा. लोखंडी नट गंजून स्टडसकट तुटतात. मग:

१. सगळे सांधे आणि हँगर हाताने सैल जोडा.
२. प्रत्येक बोल्ट भोकात बोटाने जातो का पाहा. पहार लावून भोक जुळवावं लागत असेल तर ब्रॅकेट पुन्हा करा.
३. मॅनिफोल्डचा जोड पहिल्यांदा आवळा, मग मागे सरकत या.
४. शेवटचा हँगर आवळल्यावर पुन्हा पूर्ण सोडा. सोडल्यावर पाइप जागच्या जागी राहायला हवा. दोन-तीन मिलिमीटरहून जास्त उडी मारली तर कुठेतरी ताण अडकला आहे, मागून पुढे सोडत या आणि शोधा.

ही चौथी पायरी मी केली असती तर माझा दुसरा मॅनिफोल्ड वाचला असता.

१०. गळती आणि रस्त्यावरची तपासणी

मोकळ्या हवेत गार इंजिन सुरू करा. जाड कापडाने शेपटाचं तोंड क्षणभर अर्धं झाका आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. फुगे आले की गळती. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून गळत असेल तर ‘चक-चक’ असा कोरडा आवाज येतो, तो गरम झाल्यावर कमी होतो, म्हणून गार असतानाच ऐका.

ही तपासणी मनावर घ्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उघड्या टुरर गाडीतही चालताना मागची हवा पुढे ओढली जाते, म्हणून पाइपाचं शेपूट बॉडीच्या मागच्या कडेच्या बाहेर काढा, आणि तोंड डावीकडे, फुटपाथवरच्या माणसांवर रोखू नका.

पहिली फेरी दहा किलोमीटरची. परत आल्यावर फळ्या उचलून लाकडाला हात लावा, फार चटका बसला तर आड वाढवा. ५० किलोमीटरनंतर, गाडी पूर्ण गार असताना, सगळे नट एकदा फिरवून पाहा. काजळीचा बारीकसा फराटा दिसला तरी लगेच सांधा सोडून बघा.

११. कागदपत्रं

५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. फॉर्म २०, विम्याची पॉलिसी, असल्यास जुनं आरसी, आयात केलेली असल्यास बिल ऑफ एंट्री आणि शुल्क लागतं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये ठरलं होतं, ती १० वर्षं चालते. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेली गाडी यात बसत नाही. पायरी ८ मध्ये कापू-जोडू नका म्हणालो, त्याला हेही एक कारण. काम करताना काढलेले फोटो आणि मापांची वही आरसीच्याच फाइलमध्ये लावून ठेवा. गाडी पुढे ज्याच्या हातात जाईल, त्याला हँगर किती पुढे झुकवायचा ते त्यातूनच कळेल.